इव्हँजेलिकल ल्यूथरन सिनड

इव्हँजेलिकल ल्यूथरन सिनड : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या परंपरेतून आलेली एक लहान व कर्मठ ल्यूथरन ख्रिस्ती संघटना. मुख्यालय मिनेसोटा राज्यातील मँकेटो येथे. मंडळ्या सुमारे १३०, सभासद वीस हजारांहून कमी. या संघटनेला जन्मवर्षे दोन आहेत, १८५३ आणि १९१८. तिचा बराचसा इतिहास या दोन सालांमध्येच सामावतो.

विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांसाठी १८५३ मध्ये नॉर्वेजियन सिनड स्थापन झाली. हर्मन प्रॉइस, उल्रिक कोरेन आणि याकोब ओटेसेन हे तिचे आधारस्तंभ. पाळक घडवण्यासाठी तिने सेंट लुइस येथील जर्मन मिसूरी सिनडच्या सेमिनरीचा आधार घेतला. ही जवळीक पुढे महागात पडली. मिसूरीच्या मताला धरून, गुलामगिरी स्वतःमध्ये पाप नाही असे पाळकांनी १८६१ मध्ये जाहीर केले, तेव्हा सामान्य सभासद खवळले. क्लाउस क्लाउसेन या पाळकाने आपली संमती मागे घेतली. बायबलच्या शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी झालेली ही चूक सिनडच्या अभिमानाच्या इतिहासात बसत नाही. त्याच वर्षी सिनडने ल्यूथर कॉलेज सुरू केले. ते लवकरच आयोवातील डेकोरा येथे गेले.

खरी फूट पडली ती पूर्वनिवडीच्या वादातून. देवाने तारणासाठी माणसे निवडली ती निव्वळ कृपेने, की त्यांचा भावी विश्वास आधीच पाहून? पहिले मत १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’चे. दुसरे नॉर्वेजियन घराघरांत पाठ असलेल्या, एरिक पोंटोपिडान यांच्या १७३७ मधील प्रश्नोत्तरीतल्या ५४८ व्या प्रश्नाचे. या वादात १८८० च्या दशकात दुसऱ्या मताचे, सिनडचे सुमारे एक तृतीयांश लोक बाहेर पडले. १९१२ मध्ये मॅडिसन येथील समझोत्याने दोन्ही मते ग्राह्य ठरवली आणि १९१७ मध्ये नॉर्वेजियन संघटनांचे मोठे विलीनीकरण झाले. सिनडमधील या समझोत्याच्या विरोधी गटातील बहुतेकांनी आश्वासने मिळाल्यावर विलीनीकरण स्वीकारले. मूठभर पाळक व मंडळ्या अडून राहिल्या. जून १९१८ मध्ये आयोवातील लेक मिल्सजवळच्या लाइम क्रीक चर्चमध्ये त्यांनी सिनडची पुनर्रचना केली. पहिले अध्यक्ष ब्युग हार्स्टाड. कॉलेज आणि सेमिनरी दोन्ही विलीन संघटनेकडे गेल्याने सुरुवातीला मिसूरीच्याच संस्थांवर भिस्त ठेवावी लागली. १९२७ मध्ये मँकेटोचे बेथनी कॉलेज हाती आले. सेमिनरीसाठी १९४६ साल उजाडले.

आजचे नाव १९५७ पासूनचे. मात्र त्याआधीच, १९५५ मध्ये, मिसूरी सिनड सिद्धांतात सैल झाली या कारणाने तिच्याशी सहभागिता थांबवण्यात आली. ज्यांच्या आधारावर उभे राहिले त्यांच्यापासूनच दूर होणे सोपे नव्हते, पण सिद्धांतात तडजोड नाही या १९१८ च्या तर्काला ते धरून होते. पेरूमध्ये १९६८ पासून सिनडचे मिशनकार्य आहे.

वर्धापनांच्या बाबतीत ही संघटना दोन्ही साले मोजते. १९४३ चा ‘ग्रेस फॉर ग्रेस’ हा ग्रंथ मूळ स्थापनेची नव्वद आणि पुनर्रचनेची पंचवीस वर्षे एकत्र धरून निघाला. १९५३ मध्ये मूळ सिनडची शताब्दी झाली, २०१८ मध्ये पुनर्रचनेची. मूळ सिनडचे वारस आपणच, हा यामागचा दावा सिद्धांताच्या अंगाने पटतो. मंडळ्या आणि मालमत्तेच्या हिशेबाने वारसा १९१७ मध्ये विलीन झालेल्या मोठ्या गटाकडे जातो. तो गट पुढच्या विलीनीकरणांतून १९८८ मध्ये इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या संघटनेत सामील झाला. डेकोराचे ल्यूथर कॉलेज तिच्याशीच संलग्न आहे.