दोन सुयांवरील विणकाम

हा लेख सुयांवर केल्या जाणाऱ्या लोकरीच्या विणकामाविषयी आहे. मागावरील कापडाच्या विणकामासाठी 'हातमाग' हा लेख पाहावा.

दोन सुयांवरील विणकाम ही एकाच सलग धाग्याचे फास एकमेकांत ओवून वस्त्र तयार करण्याची हस्तकला आहे. मागावरच्या कापडात उभे व आडवे असे दोन स्वतंत्र धागे परस्परांना छेदतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा ओळीमागून ओळ नागमोडी जातो. या रचनेमुळे विणलेले वस्त्र ताणले जाते व पुन्हा मूळ आकारात येते. स्वेटर, मफलर, कानटोपी, हातमोजे, पायमोजे, तान्ह्या बाळाचे टोपडे इत्यादी वस्तू या पद्धतीने विणतात. आकडी असलेल्या एकाच सुईने केल्या जाणाऱ्या विणकामास क्रोशे म्हणतात. ती निराळी कला होय.

इतिहास

खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेल्या उपलब्ध वस्तूंपैकी सर्वांत जुन्या वस्तू इजिप्तमध्ये सापडल्या असून त्या साधारणतः ११ व्या ते १४ व्या शतकांतील आहेत. त्यांत सुती पायमोज्यांचा समावेश होतो. याहून प्राचीन असे इजिप्शियन मोजे उपलब्ध आहेत. परंतु ते नेढे असलेल्या एका सुईने, निराळ्या पद्धतीने केलेले आहेत. पुढे युरोपात विणकाम हा व्यवसाय झाला व पुरुष कारागिरांचे संघही स्थापन झाले. इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ मध्ये पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला एकाधिकार दिला नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांची उपजीविका बुडेल, असे त्याचे कारण परंपरेने सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे व मफलर विणण्याच्या निमित्ताने ब्रिटन व अमेरिकेत असंख्य लोक, त्यांत शाळकरी मुलेही, ही कला नव्याने शिकले.

साहित्य

भारतीय बाजारात 'लोकर' या नावाने मेंढीच्या लोकरीबरोबरच अ‍ॅक्रिलिकचा धागाही विकला जातो. नवशिक्यासाठी फिकट रंगाचा, गुळगुळीत व मध्यम जाडीचा धागा योग्य ठरतो. गडद किंवा केसाळ धाग्यात टाके स्पष्ट दिसत नाहीत, त्यामुळे चूक झालेली कळत नाही. एका वस्तूसाठी लागणारी सर्व लोकर एकाच लॉटची घ्यावी लागते. निराळ्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलू शकते.

सुयांच्या क्रमांकाबाबत नेहमी घोटाळा होतो. भारतात रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते : ८ नंबरची सुई ४ मिमी, १० नंबरची ३.२५ मिमी, तर १२ नंबरची २.७५ मिमी जाडीची असते. अमेरिकन क्रमांक याच्या नेमके उलट वाढतात. म्हणून परदेशी नमुना वापरताना जाडी मिलिमीटरमध्ये पाहणे श्रेयस्कर असते.

मूलभूत टाके

प्रथम सुईवर टाके घालतात. विणलेले टाके डाव्या सुईवरून उजव्या सुईवर येतात आणि ओळ संपली की सुयांची अदलाबदल होते. सुलट टाक्यासाठी धागा कामाच्या मागे ठेवून उजवी सुई टाक्यात समोरून घालतात, तिच्यावरून धागा घेऊन नवा फास पुढे ओढतात आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडतात. उलट टाक्यासाठी धागा पुढे घेऊन नवा फास मागच्या बाजूस काढतात. हे दोन टाके स्वतंत्र नसून एकाच फासाच्या दोन बाजू आहेत. सुलट टाका इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, तर उलट टाका आडव्या उंचवट्यासारखा दिसतो.

सर्व ओळी सुलट विणल्यास दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, सपाट राहणारी वीण मिळते. पहिल्या मफलरसाठी ती सोयीची असते. एक ओळ सुलट व एक उलट विणल्यास पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण कडा वळतात. 'दोन सुलट, दोन उलट' ही वीण अधिक ताणली जात असल्याने स्वेटरच्या काठासाठी वापरतात. शेवटी टाके बंद करतात.

ताण व माप

प्रत्येकाचा हात कमी-अधिक घट्ट असतो. त्यामुळे मोठी वस्तू सुरू करण्यापूर्वी एक लहान चौकोन विणून १० सेंमीमध्ये किती टाके बसतात ते मोजतात. नमुन्यात १० सेंमीला २२ टाके अपेक्षित असतील, तर १०० सेंमी घेरासाठी २२० टाके लागतात. विणणाऱ्याचे १० सेंमीला २० टाकेच बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ११० सेंमी होतो. अशा वेळी हात बदलण्याऐवजी सुई बदलतात : वीण सैल असल्यास बारीक, घट्ट असल्यास जाड सुई घेतात.

नवशिक्यांच्या चुका व दुरुस्ती

नवशिका टाके फार घट्ट घालतो, त्यामुळे पहिली ओळ विणणे कठीण जाते; टाके जाड सुईवर घातल्यास हा त्रास कमी होतो. उलट टाक्यानंतर धागा मागे न नेता सुलट टाका विणल्यास सुईवर एक जादा वेढा पडतो. पुढील ओळीत तो विणला गेला की टाका वाढतो व भोक दिसते. ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे ओढला गेल्यास पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात व ते दोन टाके भासतात. म्हणून दर काही ओळींनंतर टाके मोजण्याचा प्रघात आहे.

सुईवरून सुटलेला टाका खाली ओळीमागून ओळ उसवत जातो व शिडीसारखी जागा दिसते. तो क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढत पुन्हा वर आणता येतो. चूक बरीच खाली असल्यास काम तेथपर्यंत उसवतात. अवघड विणीत, बरोबर झालेल्या ओळीच्या टाक्यांतून आधीच एक वेगळा धागा ओवून ठेवतात. उसवताना टाके त्यावर थांबतात.

कापड चुकीचे कापल्यास ते पूर्ववत होत नाही. विणकामात मात्र धागा सलग असल्यामुळे उसवलेली लोकर पुन्हा वापरता येते. जुना स्वेटर उसवून, लोकर धुऊन व वाळवून लहान मुलासाठी नवा विणण्याची घरोघरची रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. त्यामुळे उसवणे हे अपयशाचे लक्षण न मानता शिक्षणाचाच भाग मानले जाते. सुईवरचा टाका सुलट आहे की उलट, हे केवळ पाहून ओळखता येऊ लागले की नवशिक्याला आपली चूक आपणच शोधून दुरुस्त करता येते.

हेही पाहा

क्रोशे
लोकर
हातमाग
भरतकाम