प्लांक स्थिरांक : एलईडीद्वारा मापन

रंगीत एलईडी ज्या विद्युत् दाबाला उजळू लागतो, त्यावरून प्लांक स्थिरांक काढण्याचा पदवी स्तरावरील प्रयोग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आदर्श अभ्यासक्रमात तो किमान चार रंगांच्या एलईडींसह सुचवलेला आहे. प्रकाशविद्युत नळीपेक्षा साहित्य फार स्वस्त असल्याने कोल्हापूरसारख्या शहरांतील महाविद्यालयांना तो सहज परवडतो.

इलेक्ट्रॉनाने गमावलेली ऊर्जा फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते; म्हणून प्रारंभ दाब कंप्रतेच्या जवळपास प्रमाणात वाढतो. तांबड्या (सु. ६३० नॅनोमीटर) एलईडीच्या फोटॉनची ऊर्जा सु. २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर निळ्याच्या (४७० नॅनोमीटर) सु. २.६ भरते. दाब व कंप्रता यांच्या आलेखाच्या चढाला इलेक्ट्रॉनाच्या विद्युत् भाराने गुणले की स्थिरांक मिळतो.

खरी अडचण प्रारंभ दाब ठरवण्यात आहे. प्रवाह एकाएकी नव्हे, तर घातांकी रीतीने वाढतो. त्यामुळे ‘आता उजळला’ हे डोळ्यांनी ठरवणे बेभरवशाचे. सर्व एलईडींसाठी एकच अल्प प्रवाह धरून दाब नोंदवणे बरे. पांढरा एलईडी येथे निरुपयोगी, कारण तो बहुधा निळ्या एलईडीवर प्रस्फुरक लेपून बनवतात. २० मे २०१९ पासून या स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असे व्याख्येनेच निश्चित आहे.