चर्चबाह्य तारणाचा वाद

कॅथलिक चर्चबाहेरील मनुष्यास तारण लाभते किंवा नाही, याविषयीचा धर्मशास्त्रीय वाद. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातील संत सिप्रियन यांच्यापासून चालत आले असून फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने १४४२ मध्ये ते कठोरपणे मांडले. बॉस्टन येथील धर्मगुरू लेनर्ड फीनी यांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला. रोमच्या धर्मपीठाने तो १९४९ मध्ये अमान्य केला व १९५३ मध्ये आज्ञाभंगास्तव त्यांना बहिष्कृत केले. १९७२ मध्ये त्यांना पुन्हा चर्चमध्ये घेण्यात आले.

भारतात या प्रश्नाची महत्त्वाची चर्चा नोव्हेंबर १९६४ मध्ये मुंबईत झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याच महिन्यात, स्वतःचा दोष नसता ख्रिस्त न जाणणाऱ्यासही तारण शक्य आहे. पण चर्चची आवश्यकता जाणूनही ते नाकारणाऱ्यास नाही, असे घोषित केले होते. मुंबईच्या चर्चासत्रात हान्स क्यूंग यांनी अन्य धर्म हे तारणाचे ‘सर्वसाधारण’ आणि चर्च हा ‘असाधारण’ मार्ग होय, असे प्रतिपादन केले. तेथील निबंध योझेफ नॉयनर यांनी १९६७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. असे असल्यास धर्मप्रसाराचे प्रयोजन काय, हा परंपरानिष्ठांचा आक्षेप. तर अख्रिस्ती आप्तपूर्वजांची गती काय, हा भारतीय ख्रिस्ती मनाचा प्रश्न. इतर धर्मांच्या बरोबरीचा एक मार्ग म्हणून चर्चकडे पाहणे रोमने २००० मध्ये नाकारले. अख्रिस्तींच्या तारणाची शक्यता मात्र कायम ठेवली.