लग्न खरं की खोटं? दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांचा १९१३ चा लढा

लग्नाचा दाखला कशाला लागतो, असं विचारलं तर आपण सांगतो, नवऱ्यामागं पेन्शनला लागतो. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत आपल्याच देशातल्या बायकांना याच प्रश्नावरून तुरुंगात जावं लागलं. आज त्यांची हकिकत ऐकू या.

तिथं ऊसमळ्यांत आणि कोळशाच्या खाणीत राबायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांना गिरमिटिये म्हणत. मागोमाग व्यापारी गेले, संसार उभे राहिले. मग गोऱ्या सरकारला ही माणसं नकोशी झाली. बाहेरून येणाऱ्यांवर कायदे आले. एका प्रांतातून दुसऱ्यात जायलाही परवाना लागू लागला. करार संपलेल्या मजुराला वर्षाला तीन पौंड कर बसला, बाईलासुद्धा. महिन्याची मजुरी मात्र एक पौंडही नसे.

अशात बाई मरियम नावाची एक स्त्री नवऱ्याबरोबर तिथं पोचली. नवरा हसन इसप तिथलाच रहिवासी होता. तरी तिला उतरू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात, त्या रीतीनं झालेलं लग्न इथला कायदा मानत नाही.

म्हणजे काय झालं? हिंदू असो, मुसलमान असो, रीतीप्रमाणं लग्न झालेली बाई कायद्याच्या लेखी बायकोच उरली नाही. तिला देशात येण्याचा हक्क नाही, मुलांच्या वारसाहक्कावरही प्रश्न. लग्नं तर मांडवात, चार माणसांदेखत झालेली. सरकारी कागद कुणाकडं असणार?

हा घाव थेट बायकांवर होता. गांधीजी तेव्हा तिथं सत्याग्रह चालवत होते, पण तोवर तुरुंगात जाणारे बहुतेक पुरुषच. आता बायका पुढं आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा आणि आणखी तिघी जणी काही पुरुषांबरोबर परवाना न घेता प्रांताची हद्द ओलांडून गेल्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसरीकडं अकरा जणी, बहुतेक तमिळ, न्यूकॅसलच्या खाणींवर पोचल्या. काहींच्या कडेवर तान्ही लेकरं होती. त्यांनी मजुरांना समजावलं की तीन पौंडांचा कर जाईपर्यंत काम बंद ठेवा. त्यांनाही अटक झाली, पण संप पसरला आणि हजारो मजूर त्यात उतरले.

वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून ताप घेऊनच बाहेर आली. २२ फेब्रुवारी १९१४ रोजी ती गेली.

इकडं हिंदुस्थानात आपल्या कोकणातले गोपाळ कृष्ण गोखले लढ्यासाठी पैसा उभा करत होते. १९१२ मध्ये ते स्वतः तिथं जाऊन सारं बघून आले होते. अखेर १९१४ मध्ये सरकारनं नवा कायदा केला. तीन पौंडांचा कर रद्द झाला. आपल्या रीतीनं झालेलं लग्न मान्य झालं, पण एका नवऱ्याची एकच बायको धरून. सगळं मिळालं नाही. नव्यानं येऊ पाहणाऱ्यांना दार बंदच राहिलं. पण परक्या मुलखात बाईचं बायकोपण कायद्यात परत आलं, आणि ते तिनं स्वतः तुरुंगात जाऊन मिळवलं.

मैत्रिणींनो, आज आपल्याला त्यासाठी तुरुंगात जावं लागत नाही. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं लग्नाची नोंद होते. दोघांच्या वयाचे पुरावे, फोटो आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नाला बरीच वर्षं झाली असली तरी नोंद करता येते. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाची नोंद राहिली आहे? राहिली असेल तर चार जणी मिळून जा आणि दाखला हातात घेऊनच परत या.