झुंड, ओल मिस आणि विद्यापीठाचे गेट

"खेळात जात नसते, खेळात फक्त गुणवत्ता पाहतात." हे वाक्य आम्ही आष्टीच्या टपरीवर ऐकतो, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकतो आणि आरक्षणाचा विषय निघाला की व्हॉट्सअॅपवर हमखास वाचतो. पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांना शेकडो चेंडू टाकणाऱ्या पालवणकर बाळूंना पुढे हिंदूंच्या क्लबाने संघात घेतले. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला. गुणवत्ता पाहिली होतीच की! चेंडू चालला, हात चालला नाही.

गुणवत्ता पाहायची तर माणूस आधी मैदानात यावा लागतो. मैदानाचे गेट कोणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न आहे. नागराज मंजुळे यांनी 'झुंड'मध्ये तोच विचारला. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलवरचे सिनेमे आणि माहितीपट किती तरी वर्षे या प्रश्नाभोवती फिरत आहेत, कधी त्याला भिडून, बहुतेक वेळा त्याला बगल देऊन. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत असे आम्हाला वाटते. आपल्याकडे 'झुंड'ची चर्चा "अमिताभने बाबासाहेबांना हात जोडले" इथेच थांबली, हेही एक कारण.

अमेरिकेचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, डोक्यावर हेल्मेट, अंगावर चिलखत आणि समोरच्याला धडकून पाडायचे, असा तो खेळ. तिथे कॉलेजच्या मॅचला लाखभर माणसे बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमताच एक लाखाच्या वर आहे. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो. आणि ज्यांच्या हाडांवर हा सगळा डोलारा उभा, त्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची परवानगी मिळाली २०२१ साली. तोवर शिष्यवृत्ती मिळते ना, मग गप्प बसा, असा कारभार होता. बलुत्याची आठवण कोणाला आली तर ती चुकीची म्हणता येणार नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. मारामाऱ्या आणि मृत्यू वाढले म्हणून कोलंबियाने १९०५च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला होता. तो पुन्हा सुरू झाला १९१५ साली, म्हणजे बाबासाहेब तिथे शिकत असतानाच. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेजारच्या न्यू जर्सीत, रटगर्स कॉलेजात, एक प्रकार घडला. पॉल रॉबसन हा काळा विद्यार्थी संघाचा भरवशाचा खेळाडू होता. पहिल्याच सरावात गोऱ्या सहकाऱ्यांनी त्याचे नाक फोडले होते, खांदा निखळवला होता, तरी तो टिकला. पण दक्षिणेतला वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठाचा संघ आला आणि म्हणाला, काळ्याबरोबर आम्ही खेळणार नाही. रटगर्सने काय केले? रॉबसनला बाहेर बसवले. पुढे १९१७ आणि १९१८ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव आले. नंतर कोलंबियातूनच तो कायदा शिकला आणि गायक, नट, लढवय्या म्हणून जगाला माहीत झाला. १९७९ साली त्याच्यावर निघालेल्या लघु माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

पाहुण्यांच्या पंगतीत घरचा माणूस उठवायचा, हा रिवाज आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता मिसिसिपीकडे वळू. तिथल्या राज्य विद्यापीठाला सगळे प्रेमाने 'ओल मिस' म्हणतात. हे नाव आले गुलामांच्या बोलीतून. मळ्याच्या मालकिणीला गुलाम याच नावाने हाक मारत. फुटबॉल संघाचे नाव 'रेबल्स', म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी बंड करणाऱ्या दक्षिणेच्या आठवणीतले बंडखोर. जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाने या विद्यापीठात प्रवेश मागितला आणि १९६२ साली न्यायालयाने तो मंजूर केला. २९ सप्टेंबरच्या रात्री ओल मिस आणि केंटकी यांची मॅच चालू होती. मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट मैदानात उतरले. आपले लोक, आपले राज्य, आपले रीतिरिवाज मला प्रिय आहेत, एवढेच ते बोलले. मेरेडिथचे नावही घेतले नाही, घ्यायची गरज नव्हती. स्टेडियमभर जुन्या दक्षिणेचे झेंडे फडकले. दुसऱ्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल झाली, दोन माणसे मेली, केंद्राला सैन्य पाठवावे लागले. १ ऑक्टोबरला मेरेडिथ वर्गात बसला. त्या हंगामात ओल मिसचा संघ एकही सामना हरला नाही. त्या संघात मात्र पहिले काळे खेळाडू यायला आणखी जवळपास दहा वर्षे लागली.

ही सगळी गोष्ट 'घोस्ट्स ऑफ ओल मिस' या २०१२च्या माहितीपटात आहे. मिसिसिपीतच वाढलेला राइट थॉम्पसन हा गोरा क्रीडा पत्रकार ती सांगतो. जिंकलेल्या संघाचा गौरव आणि त्या रात्रीची लाज तो एकाच पडद्यावर आणतो, एकाआड दुसरे लपवत नाही. आमच्या मते या प्रकारातले हे सर्वांत प्रामाणिक काम आहे, कारण इथे गोऱ्या माणसाने काळ्या माणसाचा उद्धार केलेला नाही. त्याने आपल्याच घराचा ताळेबंद मांडला आहे.

मराठवाड्यातला वाचक हे वाचून कुठे पोचला असेल ते आम्हाला ठाऊक आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. ज्या माणसाने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे करून या मागास भागाला उच्च शिक्षणाचा रस्ता दाखवला, त्याचेच नाव विद्यापीठाच्या पाटीवर नको होते. तिकडे मळ्याच्या मालकिणीचे टोपणनाव अभिमानाने मिरवायचे, इकडे घटनाकाराच्या नावासाठी सोळा वर्षे लढायचे. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. दर वर्षी त्या तारखेला लोक विद्यापीठाच्या गेटला फुले वाहायला येतात. बाहेरचा माणूस विचारतो, गेटला कोणी हार घालते का? ज्यांना गेट सदा उघडे होते त्यांना हे कळणार नाही.

मिसिसिपीतल्या गोऱ्या पत्रकाराने केले तसे काम आपल्या भागातल्या सवर्ण पत्रकाराने, दिग्दर्शकाने करावे. १९७८च्या त्या दिवसांत आपल्या गावात, आपल्या वाड्यात कोण काय बोलत होते ते स्वतःच्या चुलत्याला विचारून कॅमेऱ्यासमोर मांडावे. आमच्या बाजूच्या कविता आहेत, आठवणी आहेत, शाहिरी आहे. साक्ष त्यांच्या बाजूची हवी आहे.

अमेरिकेतही सगळे असे प्रामाणिक नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे जास्त चालतात ते उद्धारकाचे सिनेमे. 'द ब्लाइंड साइड' (२००९) घ्या. मायकेल ओहर या बेघर काळ्या मुलाला एक श्रीमंत गोरे कुटुंब घरी आणते, खेळ समजावते आणि तो ओल मिसचा खेळाडू होतो. हो, त्याच ओल मिसचा. त्या गोऱ्या आईच्या भूमिकेसाठी सँड्रा बुलॉकला ऑस्कर मिळाले. मूळ ओहर मात्र तक्रार करत राहिला की खेळ मला आधीच येत होता, सिनेमाने मला मठ्ठ दाखवले. २०२३ साली तो न्यायालयात गेला. आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, फक्त आपल्या व्यवहारांचे पालकत्व कागदावर घेतले होते, असे त्याने मांडले आणि ते पालकत्व न्यायालयाने संपवले. दुसरा 'द एक्स्प्रेस' (२००८), हाइजमन करंडक मिळवणारा पहिला काळा खेळाडू एर्नी डेव्हिसवरचा. सिनेमा चांगला, पण १९५९ साली सिरॅक्यूजच्या स्वतःच्या मैदानावर झालेली एक मॅच त्यांनी वेस्ट व्हर्जिनियात नेऊन ठेवली आणि तिथल्या प्रेक्षकांच्या तोंडी शिव्या घातल्या. खऱ्या अपमानांची कमतरता होती का? असे खोटे एक दृश्य पुरते, मग विरोधक सगळा इतिहासच खोटा म्हणायला मोकळे. आपल्या जयंतीच्या भाषणांतही हे पथ्य पाळायला हवे, हे जाता जाता.

'द ब्लॅक १४' हा २०१८चा छोटा माहितीपट मात्र आवर्जून पाहावा. १९६९ साली वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा काळ्या खेळाडूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून खेळू का, एवढेच कोचला विचारायचे ठरवले. कोच लॉइड ईटनने चौदाच्या चौदा जणांना संघातून काढले. विद्यापीठाने माफी मागितली २०१९ साली, पन्नास वर्षांनी. आपली ताकद हवी आणि आपले तोंड नको, हा हिशेब आपल्याही ओळखीचा आहे.

आता 'झुंड'. ४ मार्च २०२२ रोजी तो आला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली पावसात झोपडपट्टीतली मुले मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, ही मूळ हकीकत. कोच नायक, मुले वस्तीतली. म्हणजे हाही उद्धारकाचाच सिनेमा, अशी टीका आपल्याच काही मित्रांनी केली. ती पूर्ण खोडता येत नाही. एवढा मोठा नट मध्ये उभा राहिला की कॅमेरा त्याच्याकडे झुकतोच.

पण नागराज यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली म्हणजे भिंत. कॉलेजचे हिरवे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये ती आहे आणि ती ओलांडायला मनाई असल्याची पाटी तिच्यावर आहे. अमेरिकी सिनेमात शेवटी करंडक दिसतो, 'झुंड'मध्ये शेवटी विमान उडते तरी भिंत तिथेच असते. एक पोरगा गेला म्हणून भिंत पडत नाही. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. इतर क्रीडापटांत मॅच जिंकली की गोष्ट संपते. इथे वस्तीच्या पोरांनी कॉलेजच्या पोरांना मध्यंतराच्या सुमारासच हरवले. त्यानंतर खरी मॅच सुरू होते ती तहसील, पोलीस ठाणे, पासपोर्ट ऑफिस आणि कोर्टात. आदिवासी मोनिका आणि तिचा बाप आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करणारा कागद शोधत हिंडतात. डॉनच्या नावावर गुन्हा आहे, म्हणून व्हिसा अडतो. आम्ही समाजकार्यात रोज हेच करतो: जातीचा दाखला, रहिवासी, पोलिसांचा चारित्र्य दाखला. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या पोराच्या शाळेच्या नोंदी जुळत नाहीत आणि भरतीच्या दाराशी तो परत फिरतो. तो उत्तरार्ध लांबला, कंटाळवाणा झाला असे समीक्षक म्हणाले. रांगेत उभे राहिलेल्याला तो लांबलेला वाटला नाही.

आणि जयंतीचा प्रसंग. 'विजय' नावाचा नायक हिंदी पडद्यावर सत्तरच्या दशकापासून अन्यायाशी भांडतो आहे. गोदी कामगार, खाणीतला मजूर, सगळे झाला. पण त्याच्या वस्तीत बाबासाहेबांचा फोटो कधी दिसला नाही. करमाळ्याजवळच्या जेऊरच्या पोराने तो फोटो त्याच नटासमोर ठेवला आणि खाली वस्तीला नाचू दिले, वर्गणी मागताना दाखवले, डीजे लावू दिला. आम्हाला डीजे आवडत नाही, तो वाद वेगळा.

आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी, पळत जायचा. बारावीनंतर तो फौजेत गेला, पाच महारमध्ये. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. साऱ्या तालुक्याने त्याचे बॅनर लावले, लावायलाच हवे होते. पण त्याला ट्रॅक मिळाला फौजेत, गावाकडच्या मैदानात नव्हे. आणि ज्या रेजिमेंटमध्ये मिळाला, ती १ ऑक्टोबर १९४१ला उभी राहिली त्यामागे लष्कराचे बंद दार उघडा म्हणून बाबासाहेबांनी केलेला पाठपुरावा आहे. आज तिथे सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत. दार उघडले की ते सगळ्यांना उघडते.

तालुक्यातली पोरेपोरी आजही पहाटे चारला डांबरी रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीच्या धावण्याचा सराव करतात. उसाच्या ट्रॅक्टरचा लाइट डोळ्यांवर आला की खाली शोल्डरवर उतरतात. एका कॉलेजचे मैदान जवळच आहे, त्याच्या गेटला सकाळी आठपर्यंत कुलूप असते. पाटी आहे: विद्यार्थ्यांव्यतिरिक्त इतरांस प्रवेश नाही. सरकारी अनुदान चालते, सरकारी जमीन चालते.

येत्या १४ जानेवारीला आम्ही विहारात चादर बांधून 'झुंड' दाखवणार आहोत. त्याआधी अर्धा तास ओल मिसची गोष्ट मराठीत सांगू. मैदान पहाटे पाच ते सात सर्वांना, विशेषतः मुलींना, उघडे ठेवावे या मागणीचा अर्ज तिथेच टेबलावर असेल. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी सही करताना पूर्ण नाव, गाव आणि कोणत्या रस्त्यावर पळतो ते लिहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो अर्ज घेऊन आपण सगळे गेटवर जाऊ आणि पोच घेतल्याशिवाय परतणार नाही.