बिनतारी दुवा आणि ब्राउझरमधील पान

दोन मनोऱ्यांवर एकमेकांकडे तोंड करून बसविलेली दोन रेडिओ उपकरणे आणि त्यांच्यामधून तारेवाचून होणारी माहितीची ने-आण, या जोडणीला तंत्रज्ञ ‘लिंक’ म्हणतात. तिचा इतिहास बहुधा अँटेनांचा, वारंवारितांचा आणि वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ती चालवायची कशी, बिघडली हे कळायचे कसे आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाच्या हाती असायचा, हे प्रश्न मात्र तळटीपेत ढकलले जातात. वस्तुतः उपकरणाच्या आतच एक छोटा वेब सर्व्हर बसविला गेला आणि कोणत्याही संगणकावरील ब्राउझरमध्ये त्याचे पान उघडू लागले, तेव्हापासून बिनतारी जाळी दूरसंचार खात्यांच्या आवारातून बाहेर पडून रुग्णालये, विद्यापीठे आणि केबलवाले यांच्या हाती आली. स्वस्त झालेली रेडिओ चिप हे या बदलाचे एक कारण होते. ते पान हे दुसरे, आणि पहिल्याहून कमी महत्त्वाचे नव्हे.

या पानाच्या आधीची व्यवस्था अगदीच वेगळी होती. १७ ऑगस्ट १९५१ रोजी अमेरिकेत न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही मायक्रोवेव्ह साखळी टेलिफोनसाठी खुली झाली, तेव्हा तीत १०७ मनोरे होते आणि त्यांपैकी बहुतेकांवर कायमचा माणूस नसे. वीज गेली, एखादा संच बंद पडला, अशा मोजक्या सूचना दूरच्या नियंत्रण केंद्रातील फलकावर उमटत आणि मग तंत्रज्ञ गाडी काढून त्या टेकडीकडे निघे. दुरून काय बिघडले एवढे कळे. दुरुस्ती मात्र जागेवर जाऊनच करावी लागे. पुढे उपकरणांत संगणकीय नियंत्रक आले, तरी त्यांच्याशी बोलण्यासाठी सिरियल केबल, टर्मिनल आणि प्रत्येक निर्मात्याची वेगळी आज्ञावली लागे. ती ज्याला पाठ, त्याच्याशिवाय यंत्राला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे.

देखरेखीला समान भाषा मिळाली ती १९८८ साली, एसएनएमपी या संकेतामुळे. संकेत म्हणजे यंत्रांनी आपापसांत बोलण्याचे ठरलेले नियम. या संकेतानुसार कोणतेही केंद्र कोणत्याही उपकरणाला ‘आतापर्यंत किती बाइट गेले’ असा प्रश्न विचारू शकते आणि उत्तरादाखल एक आकडा मिळतो. सुट्या आकड्यावरून मात्र फारसे काही समजत नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठात बाह्य जगाशी जोडणारी एकुलती एक ६४ किलोबिटची लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सर्वांना दिसावे म्हणून टोबियास ओटिकर यांनी एक छोटा कार्यक्रम लिहिला. तो ठरावीक अंतराने, सामान्यतः दर पाच मिनिटांनी, राउटरला आकडे विचारी, त्यांचा आलेख काढी आणि तो वेब पानावर ठेवी. १९९५ साली एमआरटीजी या नावाने खुला झालेला हा कार्यक्रम जगभरच्या इंटरनेट सेवादारांनी उचलला. जाळ्याची प्रकृती ब्राउझरमध्ये पाहण्याची सवय तंत्रज्ञांना त्यानेच लावली, असे म्हणता येईल. केवळ पाहण्याची, कारण त्या पानावरून बदल काहीच करता येत नसे.

दरम्यान रेडिओच्या बाजूने एक प्रशासकीय निर्णय झाला होता. मायकेल मार्कस या अभियंत्याच्या पाठपुराव्याने अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने मे १९८५ मध्ये, मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या उपकरणांच्या गोंगाटामुळे टाकाऊ मानले गेलेले तीन पट्टे विखुरलेल्या वर्णपटाच्या, म्हणजे संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठविण्याच्या, तंत्रासाठी परवान्याविना खुले केले, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांतलाच. त्याचा पहिला मोठा लाभ घेतला तो रोख गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या एनसीआर या कंपनीने. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यांच्या तारा उकराव्या लागत, ही तिची अडचण होती आणि तिच्या नेदरलँड्समधील न्यूवेखाइन येथील शाखेने त्यातून ‘वेव्हलॅन’ हे उत्पादन घडविले. त्याच शाखेतील विक हेस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक पूर्ण केले, ज्याला पुढे वाय-फाय हे नाव मिळाले. अशा रीतीने मुळात गल्ल्यासाठी, म्हणजे एका छताखाली चालण्यासाठी जन्मलेले तंत्र पुढे दऱ्या-डोंगर ओलांडण्यासाठी वापरले गेले, आणि त्या विसंगतीची किंमत सेटिंगच्या पानावर मोजावी लागली. ती कशी, ते पुढे येईलच.

घरगुती राउटरमध्ये वेब पान आले त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, काटकसर होती. प्रत्येक संगणकप्रणालीसाठी वेगळा व्यवस्थापन-कार्यक्रम लिहिण्यापेक्षा काही किलोबाइटचा सर्व्हर यंत्रातच बसविणे स्वस्त पडे, कारण ब्राउझर ग्राहकाकडे आयताच असे. १९९४ मध्ये खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते या पानांचे सर्वपरिचित दार ठरले. २००२ च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या डबीने तर या पानाला एक अनपेक्षित वळण दिले. तिच्या आत मुक्त परवान्याची लिनक्स ही प्रणाली असल्याचे उघडकीस आले आणि त्या परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये कंपनीला तिची मूळ आज्ञावली प्रसिद्ध करावी लागली. त्यातच तिच्या निदान-पानावर ‘पिंग’ची, म्हणजे दुसऱ्या यंत्राला साद घालून उत्तर येते का ते तपासण्याची, एक चौकट होती आणि तीत लिहिलेला मजकूर न तपासताच यंत्राला आज्ञा म्हणून दिला जाई. पत्त्याच्या जागी आज्ञा टंकली की यंत्र ती निमूटपणे पाळी. सुरक्षेच्या दृष्टीने हा ढळढळीत दोष. पण याच फटीतून शिरून हौशी मंडळींनी त्या डबीवर आपले फर्मवेअर, म्हणजे यंत्रात कायम वसणारी आज्ञावली, चढविले. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प याच खटपटींतून उभा राहिला. निर्मात्याने पानावर जे ठेवले नव्हते ते, म्हणजे प्रक्षेपणाची शक्ती, अँटेनाची निवड, उत्तराची वाट पाहण्याचा काळ, त्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती आले.

भारतात या घडामोडींना योग्य वेळी कायद्याची साथ मिळाली. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि पुढच्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे, तिबेटी संस्थांच्या आवारांना जोडणारे सामुदायिक बिनतारी जाळे सुरू झाले. ते याच लिंक्सिसच्या डब्यांवर बदललेले फर्मवेअर चढवून उभारलेले होते. त्याच सुमारास तमिळनाडूतील थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एरिक ब्रूअर यांच्या गटासह खेड्यांतील दृष्टिकेंद्रे वाय-फायने रुग्णालयाशी जोडली. खेड्यातला रुग्ण आणि शहरातला डॉक्टर पडद्यावर समोरासमोर येऊ लागले.

दुकानासाठी घडलेल्या तंत्राचा अपुरेपणा येथे प्रकट झाला. वाय-फायमध्ये प्रत्येक संदेशानंतर पलीकडून पोचपावती यावी लागते आणि ती ठरावीक वेळेत आली नाही, तर संदेश हरवला असे समजून तो पुन्हा पाठविला जातो. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. ३० किलोमीटरच्या दुव्यावर तिला जायला १०० आणि यायला १०० मायक्रोसेकंद लागतात, तर इमारतीतील वापर गृहीत धरून ठेवलेली प्रतीक्षा त्याच्या एका अंशाइतकीच असते. परिणामी दुवा उत्तम जुळलेला, सिग्नल भरपूर, आणि तरीही तीच माहिती पुन्हापुन्हा पाठविण्यात सारा वेळ खर्च, अशी अवस्था होई. यावरचा तोडगा म्हणजे पानावरील ‘अंतर’ या नावाची एक चौकट. तीत किलोमीटर भरले की यंत्र प्रतीक्षेचा काळ वाढवून घेते. व्हेनेझुएलातील एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखविला. लहरीच्या जाण्या-येण्यालाच तेथे अडीच हजारांहून अधिक मायक्रोसेकंद लागत असल्याने, त्यांच्या यशात उंच डोंगरांइतकाच वाटा या वेळेच्या हिशेबाचा होता.

थेनीच्या अनुभवाने आणखी एक गोष्ट शिकविली, आणि ती ब्राउझरच्या मर्यादेविषयीची होती. पान उघडण्यासाठी दुवा चालू असावा लागतो. तो पडला की पानही गेले, म्हणजे ज्या क्षणी माहितीची खरी गरज, त्याच क्षणी ती मिळत नाही. खेड्यांतील वीज अशी होती की हजार व्होल्टपर्यंतचे झटके नोंदले गेले, संच जळाले, साठवणकार्डे बिघडली. शिवाय ही उपकरणे खासगी पत्त्यांच्या आड असल्यामुळे अमेरिकेतून त्यांची पाने उघडणे शक्य नव्हते. म्हणून संशोधकांनी व्यवहार उलटा केला: केंद्राने विचारण्याऐवजी प्रत्येक राउटरनेच ठरावीक काळाने आपली हालहवाल बर्कलीच्या सर्व्हरकडे धाडावी. आज ‘क्लाउड’वरून चालणाऱ्या देखरेखीचा जो बोलबाला आहे, तिची रीत हीच आहे.

२००८ च्या सुमारास युबिक्विटीचे ‘नॅनोस्टेशन’ आणि त्याची ‘एअरओएस’ ही प्रणाली आली, तेव्हा हौशी मंडळींनी फटीतून मिळविलेल्या या सोयी बाजारात पानावर तयार मिळू लागल्या. रेडिओ आणि अँटेना एकाच प्लास्टिकच्या कवचात, वीज आणि माहिती एकाच केबलमधून, आणि १९२.१६८.१.२० हा पत्ता टंकला की पान हजर. त्या पानावरचा सर्वाधिक पाहिला जाणारा आकडा सिग्नलचा. तो डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजला जातो आणि जवळजवळ नेहमीच उणे असतो. १० किलोमीटरच्या दुव्यावर ५.८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेतच सुमारे १२८ डेसिबलची घट होते. अँटेनासह ३६ डीबीएमने प्रक्षेपण केले आणि पलीकडची अँटेना २३ डेसिबलची असली, तर पानावर उणे ६९ च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. तो उणे ८० दिसला तर अँटेनाचे तोंड चुकले आहे किंवा मध्ये झाड आले आहे, हे मनोऱ्यावर न चढता सांगता येते. वर चढलेला गडी अँटेना रेसभर फिरवितो आणि खालचा लॅपटॉपवरचा आकडा ओरडून सांगतो, ही कामाची रीत या पानानेच रूढ केली.

या कामाचा एक अलिखित नियमही लवकरच ठरला: बदल आधी पलीकडच्या टोकावर, मग अलीकडच्या. सांकेतिक किल्ली आधी जवळच्या यंत्रात बदलली, तर दूरचे यंत्र तत्क्षणी तुटते आणि त्याचे पान पुन्हा उघडण्यासाठी तेथवर जावे लागते. ही चूक इतक्यांकडून घडली की एअरओएसच्या पानावर ‘टेस्ट’ हे बटण द्यावे लागले. ते दाबून केलेला बदल १८० सेकंदांत पक्का केला नाही तर यंत्र आपणहून जुन्या स्थितीत परतते. वापरणाऱ्यांच्या पायपिटीतून जन्मलेली याहून शहाणी सोय या पानांवर दुसरी सापडणे कठीण.

पानावर कायदाही आला, तो देशांच्या यादीच्या रूपाने. देश निवडला की कोणत्या वारंवारिता आणि किती शक्ती वापरायची हे यंत्र ठरविते; पण निवडणारा माणूसच असल्यामुळे अधिक शक्तीच्या मोहाने चुकीचा देश निवडणेही तितकेच सोपे झाले. २००९ मध्ये पोर्टो रिको येथील सान हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारवर ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास आडवे-तिडवे पट्टे दिसू लागले आणि शोध घेता ते बिनतारी सेवादारांच्या दुव्यांमुळे असल्याचे निष्पन्न झाले. अशा वारंवारितांवर यंत्राने आधी ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यावा आणि ते आढळल्यास दहा सेकंदांत जागा सोडावी असा नियम आहे. मात्र नियम पाळायचा की नाही हे पानावरच्या एका खुणेवर अवलंबून राहिले तर काय होते, ते या प्रकरणात दिसले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने सेवादारांना दंड केले आणि पुढे हा अधिकार वापरणाऱ्याकडून काढून घेऊन यंत्रात कुलूपबंद करण्याकडे कल वाढला.

त्याहून मोठा फटका मे २०१६ मध्ये बसला. एअरओएसच्या जुन्या आवृत्त्यांतील पानात संचिका चढविण्याच्या भागात एक दोष होता. त्यावरचा उपाय जुलै २०१५ मध्येच प्रसिद्ध झाला होता, तरी मनोऱ्यांवरची हजारो यंत्रे अद्ययावत केली गेली नव्हती, आणि अनेकांची पाने सार्वजनिक इंटरनेटवर उघडीच होती. एका कृमीने, म्हणजे यंत्रातून यंत्रात स्वतःच पसरणाऱ्या घातक कार्यक्रमाने, या दारातून प्रवेश केला, शेजारची यंत्रे गाठली आणि काही काळाने यंत्र कारखान्यातून निघाल्यासारखे कोरे करून टाकले. कोरे यंत्र आपल्या मूळ पत्त्यावर परत जाते आणि दुरून दिसेनासे होते. तेव्हा ज्या सेवादारांनी पानाच्या भरवशावर शिडी अडगळीत टाकली होती, त्यांना ती पुन्हा काढावी लागली.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने दूरदर्शनच्या रिकाम्या वारंवारितांवर गावे जोडण्याचा प्रयोग प्रायोगिक परवान्याखाली केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात आणि भारतात त्यांपैकी बहुतांश मोकळ्या असतात, असे या गटाच्या अभ्यासातून दिसले होते. अशा व्यवस्थेत वाहिनी माणसाने निवडायचीच नसते. उपकरण आपले स्थान एका मध्यवर्ती कोषाला कळविते आणि कोष मोकळ्या वाहिन्या सांगतो. त्यासाठी या गटाने ‘ओपनपॉज’ नावाचा कोषही तयार केला. पुढच्या टप्प्यात मात्र ग्राममार्ग या नावाने हे काम आणखी गावांपर्यंत नेताना बाजारात सहज मिळणारी ५.८ गिगाहर्ट्झची उपकरणे वापरली गेली आणि ग्रामपंचायतीला भागीदार करून घेण्याची योजना आखली गेली. या उपकरणांना कोष विचारावा लागत नाही. त्यांच्या पानावर वाहिन्यांची यादी असते आणि तीतून निवड ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याने करायची असते.