भिंतीची परीक्षा
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेले दगड, वर जड माळवद. भिंतीचे पदर सुटले, छत कोसळलं. पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसली. त्यांपलीकडची असंख्य घरं जागेवरच दुरुस्त व्हायची होती. तेवढे अभियंते कुठून आणायचे? ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’च्या साथीनं गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या.

देवणीत बसून मी गुणवत्ता व्यवस्थापन आपापलं वाचलं. चूक शोधण्यापेक्षा आधीच टाळावी, हे त्याचं सूत्र. दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड गिलाव्यानंतर दिसत नाही. तपासणी त्याआधीच हवी. ती कुणाची? माझ्या मते, त्या भिंतीआड निजणाऱ्याची.